एकाच घरात कुत्र्याला डॉक्सी आणि बोक्याला अमॉक्सी-क्लॅव्ह: औषध नीट पोटात कसं जाईल?

प्रश्न: त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार मंडळी. घरात सध्या दोन पेशंट आहेत आणि दोघांची अँटिबायोटिक्स वेगवेगळी आहेत.

कुत्रा: देशी, ३ वर्षांचा, वजन २० किलो. गोचीडताप, तपासणीत एर्लिकिया (गोचिडातून येणारा जंतू) निघाला. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ, १-१ गोळी सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस. सोबत आयर्नचं टॉनिक. आज नववा दिवस. ताप उतरलाय, जेवतोय, प्लेटलेट्स ४० हजारांवरून १ लाख ९० हजारांवर आल्यात.

बोका: नसबंदी झालेला, ४ किलो. शेपटीच्या बुडाशी दुसऱ्या बोक्याने चावलं, गळू झालं. डॉक्टरांनी चिरून धुऊन दिलं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटचं सिरप, ५ मिलीत २२८.५ मिग्रॅवालं, दीड मिली दिवसातून दोनदा, ७ दिवस. आज दुसरा दिवस.

विचारायचं ते असं:
कुत्रा गोळी फक्त पेढ्यात घातली तरच खातो. चालेल का?
इतका बरा दिसतोय तर पूर्ण २८ दिवस द्यायलाच हव्यात का?
बोका सिरप तोंडात गेलं की फेस काढतो, अर्धं बाहेर. दुधात मिसळून ठेवू का? की सिरपऐवजी गोळीच कुटून द्यावी?
गोळी दिल्यावर उलटी झाली तर परत द्यायची का?
आणि या उन्हात औषधं ठेवायची कुठे? दुपारी घरातसुद्धा भट्टी असते.

उत्तर १: लहान प्राण्यांचा पशुवैद्य

भाऊ, मात्रा दोन्ही बरोबर आहेत. २० किलोला किलोमागे ५ मिग्रॅ म्हणजे १०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा. बोक्याच्या सिरपमध्ये १ मिलीत ४५.७ मिग्रॅ औषध असतं, म्हणजे दीड मिलीत साधारण ६८. मांजरासाठी ६२.५ ही नेहमीची मात्रा आहे, तिच्या जवळच आहे. तेव्हा कमी-जास्त करायचं काही नाही. गडबड होते ती औषध हातातून पोटात जाईपर्यंत.

पेढा आजपासून बंद. पेढा म्हणजे आटवलेलं दूध, आणि दुधातलं कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला धरून ठेवतं. जेवढं धरलं गेलं तेवढं रक्तात जात नाही. जुन्या टेट्रासायक्लिनइतकी डॉक्सीची अडवणूक होत नाही, पण २८ दिवस रोज दोनदा थोडं थोडं वाया घालवायचं कशाला? संत्रा बर्फी, पनीर, दही, ताक हे सगळं त्याच यादीत. एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकलाही हाच नियम. अमॉक्सी-क्लॅव्ह किंवा सेफालेक्सिनला दुधाची अशी अडचण नाही, पण एका कुत्र्यासाठी घरात दोन नियम ठेवले की हमखास घोटाळा होतो.

पेढ्याऐवजी उकडलेल्या चिकनचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा बलक, नाहीतर पोळी कोमट पाण्यात भिजवून केलेला बोराएवढा गोळा. एकदम तीन गोळे हातात घ्या. पहिला रिकामा द्या. दुसऱ्यात औषध. दुसरा तोंडात जातोय तोवर तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या घाईत कुत्रा दुसरा न चावता गिळतो. अख्ख्या जेवणाच्या भांड्यात गोळी टाकू नका. ती तळाशी राहते, आणि तुम्हाला वाटतं गेली.

आता मला जास्त काळजी आयर्नची आहे. दूध लोक टाळतात, पण टॉनिक आणि डॉक्सी एकाच वेळी देतात, कारण दोन्ही "जेवणानंतर" लिहिलेलं असतं. लोह डॉक्सीला कॅल्शियमपेक्षा घट्ट पकडतं. डॉक्सी सकाळी ८ आणि रात्री ८ ला द्या, टॉनिक दुपारी १-२ च्या सुमारास. आम्लपित्ताचं पातळ औषध, सुक्राल्फेट, कॅल्शियमचं सिरप, खनिजं असलेली मल्टिव्हिटॅमिन, यांपैकी काही चालू असेल तर तेही दुपारच्याच खात्यात. आधी अँटिबायोटिक, आणि मध्ये किमान २ तास.

२८ दिवसांबद्दल. एर्लिकिया हा जंतू पांढऱ्या पेशींच्या आत बसतो, प्लीहेत लपतो. डॉक्सी त्याला मारून टाकत नाही, वाढू देत नाही, आणि बाकीचं काम शरीराने करायचं असतं. त्याला वेळ लागतो. ताप पहिल्या एक-दोन दिवसांत उतरतो, प्लेटलेट्स आठ-पंधरा दिवसांत चढतात, आणि नेमकी इथेच लोक गोळ्या थांबवतात. मग काही महिन्यांनी तोच कुत्रा नाकातून रक्त येतंय म्हणून परत येतो, आणि या वेळी अस्थिमज्जाच थकलेली असते. हिशोब साधा ठेवा. एकूण ५६ गोळ्या. कोर्स सकाळी सुरू झाला असेल तर नवव्या दिवशी सकाळची गोळी दिल्यावर ३९ उरायला हव्यात. ४२ उरल्या असतील तर तीन वेळा गोळी पोटात गेलेली नाही, हे मनाशी मान्य करून डॉक्टरांना सांगा. कोर्स संपल्यावर प्लेटलेट्स पुन्हा तपासा. आणि आठवड्याभरात काहीच फरक पडला नसता तर बबेसिया, म्हणजे गोचिडातूनच येणारा दुसरा जंतू, सोबत आहे का ते पाहावं लागलं असतं. बबेसिया गिब्सोनी डॉक्सीने बरा होत नाही, त्याची औषधं वेगळी. तुमच्याकडे सुधारणा आहे, तेव्हा ती शंका तूर्त नको.

उलटीचं असं: अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली आणि अख्खी गोळी दिसली, तर थोडं खायला घालून तीच मात्रा पुन्हा देता येते. गोळी विरघळलेली असेल किंवा तास-दीड तास उलटून गेला असेल, तर पुन्हा देऊ नका, पुढची वेळेवर द्या. डॉक्सी उपाशीपोटी दिली की मळमळतंच, तेव्हा चार घास आधी. लागोपाठ दोन मात्रा बाहेर आल्या तर घरी प्रयोग नकोत, फोन करा. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर द्या. पुढच्या मात्रेला दोन-तीन तासच उरले असतील तर ती सोडून द्या. दोन गोळ्या एकत्र कधीच नाही.

सिरपचा फेस हा विषाचा परिणाम नाही. कडू लागलं की मांजर फेस काढतंच, पाच मिनिटांत थांबतं. दुधात मिसळू नका. बोक्याने अर्धी वाटी सोडली तर किती औषध गेलं ते कुणालाच कळत नाही. गोळी कुटणं तर त्याहून वाईट, कडूपणा दहापट होतो. तोंडाच्या तंत्राबद्दल इथे सांगणारे माझ्याहून जास्त सराव असलेले लोक आहेत, ते लिहितीलच.

तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, धाप लागणं हे औषध दिल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत दिसलं, तर पुढची मात्रा न देता थेट दवाखाना. थोडी शी पातळ झाली तर चालवून घेता येतं. रक्त पडलं तर नाही. आणि बोक्याने २४ तास काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि मग मूळ गळू बाजूला राहून तेच मोठं दुखणं होतं.

उत्तर २: मांजरांची पाळणावाली, सदर (नागपूर)

बोक्याच्या तंत्राचं मी सांगते.

२ मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून फेकून द्या. ५ मिलीची नको, तिच्यावर ०.१ च्या रेघा नसतात आणि दीड मिली अंदाजाने घ्यावं लागतं. बाटली हलवा, उलटी करा, हळू ओढा. बुडबुडा आला तर परत ढकलून पुन्हा ओढा. बुडबुडा म्हणजे तेवढं औषध कमी.

बोक्याला ओट्यावर किंवा वॉशिंग मशीनवर बसवा, तोंड तुमच्यापासून दूर, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. एक जाड टॉवेल मानेभोवती शालीसारखा गुंडाळा, पुढचे पाय आत. डोकं सरळ ठेवा. मान मागे वाकवून औषध ओतलं की ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. म्हणूनच उताणं पाडून औषध पाजायचं नाही. सिरिंजचं टोक सुळ्याच्या मागच्या फटीतून गालफडात घाला, जिभेवर नाही. एकावेळी अर्धा मिली. गिळू द्या. मग पुढचा अर्धा. तीन घोटांत दीड मिली संपतं, आणि फेसही कमी येतो, कारण जिभेच्या शेंड्याला चव लागतच नाही. शेवटी त्याला आवडतं ते चमचाभर द्या, सुक्या मासळीचं पाणी वगैरे.

सिरप फ्रिजमधून काढून लगेच देऊ नका. भरलेली सिरिंज दोन मिनिटं मुठीत धरा. थंडगार औषधाला बोके जास्त तोंड वळवतात.

पुढे कधी याच बोक्याला गोळी द्यावी लागली तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या: मांजराला कोरडी गोळी द्यायची नाही. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत मिनिटं-मिनिटं चिकटून बसते. ती डॉक्सीची किंवा क्लिंडामायसिनची असेल तर तिथेच विरघळून आतली कातडी जाळते. आठवड्या-दोन आठवड्यांनी मांजर खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर टाकायला लागतं, कारण जखम भरताना नळी आवळून गेलेली असते. मग भूल देऊन फुग्याने नळी रुंद करावी लागते, तीही एकदा नाही, अनेकदा.

गोळीला बोटाने तूप चोळा. एका हाताने डोकं गालाच्या हाडांपाशी धरा, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचे पुढचे बारीक दात खाली दाबा, तोंड उघडतं. गोळी जिभेच्या अगदी मुळाशी, मधोमध सोडा. बाजूला पडली तर चावेल. तोंड मिटा, नाकावर हलकी फुंकर मारा. नाक चाटलं की गोळी गेली. लगेच सिरिंजने ५-६ मिली पाणी गालफडातून, एक-एक मिली करत. हे पाणी सोडायचं नाही. पाणी पीतच नसेल तर पातळ ओलं खाणं लगेच खाऊ घाला.

गिळल्यासारखं वारंवार करणं, मान लांब करणं, लाळ गळणं, खाण्यापाशी जाऊन परत फिरणं, ही अन्ननलिका सोलल्याची लक्षणं. औषध चालू असताना दिसली तर त्याच दिवशी सांगा.

आणि वजन. घरच्या काट्यावर बोक्याला कडेवर घेऊन वजा करायचं म्हणजे चार किलोच्या जिवात पाव-अर्धा किलोची चूक. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा वापरा, टोपलीत बसवून.

उत्तर ३: औषधांचं दुकान, महाल

दुकानाच्या बाजूने बघितलं तर काही गोष्टी तुम्हाला काउंटरवरच करता येतात.

सिरपची बाटली कोरड्या पावडरची असते. उकळून गार केलेलं पाणी किंवा सोबत आलेलं पाणी वापरा. आधी बाटली आपटून पावडर सुटी करा. खुणेच्या थोडं खाली पाणी घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत पाणी पुरं करा. फेसासकट खूण गाठली की पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. वर गेलं की पातळ. दोन्हीत तुमचं दीड मिली दीड मिली राहत नाही. बनवलेल्या दिवसाची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. ७ दिवस फ्रिजमध्ये, दरवाज्यात नको, मधल्या फळीवर, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. दररोज ३ मिली म्हणजे सात दिवसांत २१ मिली लागतं. बाटली ३० ची. उरलेलं ९ मिली आठव्या दिवशी संपलं असं समजा. ते पुढच्या गळवासाठी राखून ठेवायचं नाही, क्लॅव्ह्युलेनेट पाण्यात झपाट्याने विघटन पावतं. बाटलीत रंग तसाच दिसतो, ताकद नसते.

बाटलीतल्या आकड्यांची ओळख ठेवा. २२८.५ म्हणजे २०० अमॉक्सिसिलिन अधिक २८.५ क्लॅव्ह्युलेनेट, आणि हे ५ मिलीत. दुकानात दुप्पट तीव्रतेचं ४५७ वालंही मिळतं. नाव तेच, डबा तसाच, आणि दीड मिलीत औषध मात्र दुप्पट. म्हणून चिठ्ठीत फक्त "दीड मिली" नको, तीव्रतासुद्धा लिहून घ्या, आणि कंपनी बदलली तर बाटलीवरचा आकडा डॉक्टरांना वाचून दाखवा. अमॉक्सिसिलिन-क्लॉक्सासिलिन किंवा अमॉक्सिसिलिन-डायक्लॉक्सासिलिन हे अमॉक्सी-क्लॅव्ह नाही. "तेच आहे, घेऊन जा" म्हटलं तर घेऊ नका. "एलबी" लिहिलेलं असेल तर त्यात लॅक्टोबॅसिलस जोडलेलं असतं, त्याने मूळ औषध बदलत नाही, पण मिग्रॅ मोजूनच घ्या. आणि माणसांची ६२५ ची गोळी बोक्यासाठी तोडणं सोडूनच द्या. ती त्याच्या एका मात्रेच्या दहापट आहे, दहावा तुकडा सुरीने होत नाही.

लहान मुलांच्या पातळ औषधांत गोडवा कशाचा आहे ते वाचा. झायलिटॉल लिहिलं असेल तर ते कुत्र्यासाठी नाही. कुत्र्याची साखर अर्ध्या-एक तासात कोसळते.

डॉक्सीच्या गोळ्या पाकिटातून वेळेवरच काढा. स्ट्रिप कापून घेतली तर ज्या तुकड्यावर बॅच आणि मुदत छापलीय तो तुकडा शेवटपर्यंत जपा. अमॉक्सी-क्लॅव्हची गोळी तर पाकिटाबाहेर दमट हवेत टिकतच नाही. अर्धी तोडली तर उरलेली अर्धी त्याच फॉइलमध्ये दुमडून पुढच्याच वेळेला वापरा.

उन्हाबद्दल: डब्यावर २५ अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गोळ्या फ्रिजवर नको, वरचा भाग गरम असतो. कूलरच्या खोलीत उघड्या नको, तिथली हवा ओली असते. दुकानातून आणताना स्कूटरच्या डिक्कीत नको, दुपारी डिक्की म्हणजे ओव्हन. घरातल्या आतल्या खोलीच्या कपाटात, खालच्या खणात, घट्ट झाकणाच्या डब्यात. मुदत संपलेली किंवा रंग बदललेली टेट्रासायक्लिन जातीची गोळी देऊ नका, तिची विघटित द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करतात.

आणि चिठ्ठीशिवाय मागू नका. डॉक्सी आणि अमॉक्सी-क्लॅव्ह शेड्यूल एचमध्ये, म्हणजे फक्त चिठ्ठीवर द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ मध्ये आहेत, त्यांची नोंद दुकानदाराला रजिस्टरमध्ये करून ३ वर्षं ठेवावी लागते. नोंदणीकृत पशुवैद्याची चिठ्ठी त्यासाठी चालते. चिठ्ठीवर प्राणी, मालकाचं नाव, वजन आणि नोंदणी क्रमांक असला की काउंटरवर वाद होत नाही. जुलाब लागले म्हणून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल मागायला रोज लोक येतात. कुत्र्याचे साधे जुलाब बहुतेक वेळा अँटिबायोटिकशिवाय थांबतात, आणि न थांबणारे जुलाब पार्व्हो या विषाणूचे असू शकतात. दोन्ही बाबतीत ती पट्टी उपयोगाची नाही.

त्रिमूर्तीनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉनिक आजच दुपारवर नेलं. गोळ्या मोजल्या, ३९ निघाल्या.

अजून दोन गोष्टी. गेल्या वर्षीची कुत्र्याची एन्रोफ्लॉक्सासिन ५० ची अर्धी पट्टी पडून आहे. बोक्याचं सिरप नाहीच जमलं तर ती चालेल का? आणि घरात गोचीड फार झालेत. एकाने परमेथ्रिनचं औषध सुचवलं, कुत्र्याच्या पाठीवर टाकायचं. बोका रोज त्याच्या कुशीत झोपतो.

उत्तर ४: लहान प्राण्यांचा पशुवैद्य

दोन्ही नाही. कारण नीट वाचा.

मांजराला एन्रोफ्लॉक्सासिनची कमाल मर्यादा दिवसाला किलोमागे ५ मिग्रॅ. ४ किलोच्या बोक्याला २० मिग्रॅ. ५० ची एक गोळी म्हणजे किलोमागे साडेबारा. मर्यादा ओलांडली की डोळ्याचा पडदा खराब होतो, बाहुल्या मोठ्या दिसतात, बोका भिंतीला धडकू लागतो. दृष्टी बहुधा परत येत नाही. वाढत्या वयाच्या पिल्लाला हेच औषध सांध्यांच्या कूर्चेसाठी वाईट. ती पट्टी घरात नकोच. चुरा करून चहाच्या ओल्या चोथ्यात मिसळा, पिशवी गाठ मारून घातक कचऱ्यात वेगळी द्या. उघड्यावर टाकलीत तर गल्लीतली कुत्री आणि गाई तेच उकरतात. सिरप जमतच नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. दोन आठवडे टिकणारं इंजेक्शन हा पर्याय मांजरांत आहे, पण तो त्यांनी ठरवायचा.

परमेथ्रिन बोक्याच्या जिवावरचं आहे. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही. कुत्र्याच्या पाठीवर टाकलेलं, कुशीत झोपून किंवा चाटून अंगात गेलं तरी काही तासांत थरथर, झटके. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनची फवारणी, आणि अमिट्राझचं पाणी यांनाही हाच इशारा. दोघं एकत्र राहतात तर कुत्र्याला तोंडाने द्यायची आयसोक्झॅझोलीन गटातली गोळी हा सोयीचा मार्ग. फ्ल्युरालॅनर, अफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर ही त्यातली नावं. मात्र कुत्र्याला कधी फिट आल्या असतील तर आधी सांगा. बोक्यासाठी फिप्रोनिल चालतं, पण मांजरांचंच.

डॉक्सीने गोचीड मरत नाहीत, हे विसरू नका. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर कमी आणि भिंतीच्या भेगांत, कूलरच्या मागे, पलंगाच्या सांध्यात जास्त असतात. भेगा सिमेंटने बुजवा, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. नाहीतर २९ व्या दिवशी नवा एर्लिकिया.

आणि बोक्याला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल, कुणी कितीही सांगितलं तरी, चिमूटभरसुद्धा नाही. मांजराचं रक्त ऑक्सिजन वाहणं थांबवतं, हिरड्या तपकिरी होतात, चेहरा सुजतो. असं काही चुकून गेलंच तर उलटीची वाट न बघता लगेच घेऊन निघा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना किंवा जवळचा जो उघडा असेल तो, पाकीट सोबत घेऊन.

उत्तर ५: मांजरांची पाळणावाली, सदर

एक राहिलं. गळवाची जागा रोज बघा. चिरलेलं तोंड दोन-तीन दिवस उघडं राहून पाणी येणं चांगलं. वरून कातडी लवकर मिटली आणि खाली पुन्हा फुगवटा, गरमपणा आला, तर सिरप चालू असलं तरी परत दाखवा. आत पू साठला की औषध तिथे पोचत नाही. आणि बोका जखम चाटत असेल तर गळ्यात कॉलर घाला, खाताना काढा, परत घाला.